साहेबांची शिफारस

“साहेब, तुम्हीच सांगा, गोंदाच्या डब्याला झाकण कशासाठी असतं? शोभेला?”

थोरली सून हे बोलली ते धाकटीच्या कानापासून हातभर अंतरावरून. तरी धाकटीने मान वर केली नाही. ती पट्टी दाबून पुठ्ठा कापत होती आणि पुठ्ठा कापताना मान वर केली की सुरी वाट सोडते. शिवाय थोरली तिच्याशी बोललीच नव्हती. ती साहेबांशी बोलली होती.

“साहेब,” धाकटी पुठ्ठ्याकडे बघतच म्हणाली, “झाकण मी लावलं होतं. नंतर कुणी उघडलं, ते तुम्ही पाहिलंच असेल.”

साहेबांनी पाहिलं असेलही. पण ते काही बोलले नाहीत. ते कधीच बोलत नसत, कारण ते फोटो होते.

दुकान फ्रेमचं. लोकांनी फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं घेऊन यायचं आणि या घराने त्यांना चारी बाजूंनी पट्टी, पुढून काच आणि मागून पुठ्ठा लावून द्यायचा. फार पूर्वी कुणीतरी एक फोटो आणून दिला. कोट, टाय, भरघोस मिशा, आणि एक भुवई किंचित वर. अशी की, आपण काही सांगायला जावं तर या माणसाला ते आधीच कळलेलं असावं. चांगली जाड लाकडी पट्टी पसंत करून ते गिऱ्हाईक जे गेलं, ते पुन्हा फिरकलंच नाही. सासऱ्यांनी ‘नेईपर्यंत राहू दे’ म्हणून फोटो समोरच्या भिंतीवर टांगला. नावगाव कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबासारखा दिसतो, म्हणून साहेब.

मग कधीतरी सगळ्यांना साहेबांशी बोलायची सवय लागली. वर राहायचं, खाली राबायचं. दिवसभर एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. अशा घरात तोंडावर बोलायला सुरुवात केली तर आधी मनं तुटतात आणि मग काचा. म्हणून जे बोचणारं असेल ते साहेबांना सांगायचं. सासरे म्हणत, “साहेब, आज चहात साखर घालणं कुणाच्या तरी जिवावर आलेलं दिसतंय.” धाकटीचा नवरा जाता जाता म्हणे, “साहेब, कुणी विचारलं तर मी खिळे आणायला गेलोय.” लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला वाटलं होतं, हे दुकानाचे मूळ मालक असावेत, वारलेले. कितीतरी दिवस ती त्यांच्यासमोर हलक्या आवाजात बोलायची आणि त्यांच्याकडे पाठ होऊ द्यायची नाही. थोरलीला ते अजून आठवतं, आणि अजून हसता हसता तिला ठसका लागतो.

पण एक गोष्ट अशी होती की ती साहेबांनाही कुणी सांगितली नव्हती. सासरे सकाळी शटर वर करत, काउंटरवरून फडकं फिरवत आणि रस्त्याकडे डोळे लावून बसत. दुपार व्हायची. कुणी आलं तर पत्ता विचारायला यायचं. “सध्या लोकांनी घरं रंगवायला काढलीत,” सासरे म्हणत, “रंग वाळला की भिंती भरायला येतील.” थोरली म्हणे, “उन्हाचं कोण बाहेर पडतं?” आणि ऊन उतरलं की म्हणे, “अंधाराचं कोण येतं?” थोरलीचा नवरा ऑर्डरी आणायला म्हणून सकाळी बाहेर पडायचा आणि संध्याकाळी गावभरच्या बातम्या घेऊन परतायचा. धाकटीचा नवरा हल्ली दुपारी दुसऱ्यांकडे कपाटांची दारं बसवायला जायचा. त्याला सगळे ‘जरा बाहेरचं काम’ म्हणत. ते ‘जरा’ रोज थोडं थोडं वाढत होतं आणि सगळे तोंडात मूग धरून बसले होते.

धाकटीला पुढची वाट सापडली ती पुठ्ठा शोधताना. दुकानात फोटो मोठे करायला घेतलेला एक कॉम्प्युटर होता. त्यावर ती स्वस्त पुठ्ठा कुठे मिळतो ते बघत होती, तर बाजूला एक चौकोन उघडला आणि त्यात अक्षरं आली: ‘पुढे काय? आम्ही मदत करतो.’

धाकटीने चटकन मागे वळून पाहिलं. पुढे काय, हे या घरात कुणी कुणाला विचारत नव्हतं आणि हा पत्र्याचा खोका बिनदिक्कत विचारतोय! तिने चौकोन बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला, म्हटलं, बघू तरी काय म्हणतो.

ती नोकरी शोधणाऱ्यांना मदत करणारी साइट होती. कोपऱ्यात गप्पांची खिडकी होती आणि पलीकडून कुणीतरी लिहीत होतं. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘छान!’ म्हणून व्हायची, म्हणून धाकटीने तिचं नाव छानबाई ठेवून टाकलं.

“छान! आपला सध्याचा हुद्दा सांगाल?”

धाकटीने जरा विचार केला आणि लिहिलं, “धाकटी.”

“छान! म्हणजे ज्युनिअर?”

“हो. लग्न झाल्यापासून.”

“छान! आपल्या जबाबदाऱ्या?”

“सगळ्या.”

“छान! त्या जरा सुट्या करून सांगता येतील?”

धाकटीने सुट्या केल्या. पुठ्ठा कापते, कागद चिकटवते, काच पुसते, काचेत केस अडकला तर सगळं उघडून पुन्हा करते. गिऱ्हाईक सोनेरी पट्टी मागतं तेव्हा त्याला ती का शोभणार नाही, ते त्याला राग न येता सांगते. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन कुणी आलं आणि रडू लागलं, तर आधी पाणी देते, मग पट्टीचा रंग विचारते.

दुसऱ्या दिवशी छानबाईने ते सगळं नीट मांडून पाठवलं. पाणी देऊन रंग विचारण्याचं ‘नाजूक प्रसंगी ग्राहकास निर्णयासाठी साहाय्य’ असं झालं होतं. धाकटीने ते वाचलं, परत वाचलं, आणि या कर्तबगार बाईला एकदा भेटायला हवं, असं तिच्या मनात आलं. मग उमगलं की ती बाई म्हणजे आपणच.

“एक विचारू?” तिने लिहिलं. “तुम्ही माणूस आहात की यंत्र?”

“छान! माणूस. पण सकाळपासून इतक्या जणांशी बोललेय की आता माझीच खात्री नाही.”

“जेवलात का?”

मग उत्तर आलं, “नाही अजून.” पहिल्यांदाच ‘छान’ नव्हतं. त्यानंतर दोघींचं जमून गेलं.

छानबाईनेच ती जागा शोधून काढली. जुने नकाशे जपून ठेवणारी एक संस्था होती. नाजूक, पिवळे पडलेले कागद इजा न होता चौकटीत बसवणारं माणूस त्यांना हवं होतं. शिक्षणाची अट होती, पण हाताला सवय असेल तर ती अट सोडायला ते तयार होते. धाकटीने ती जाहिरात वाचली तेव्हा दुकानात पंख्याखेरीज कशाचा आवाज नव्हता. तिला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की तिचं तिलाच नवल वाटलं. किती वर्षांत तिला असं स्वतःपुरतं काही हवंसं वाटलं नव्हतं.

घरात मात्र तिने चकार शब्द काढला नाही. नोकरी शोधतेय म्हटलं तर पुढचा प्रश्न ‘का?’ असा येणार. आणि त्या ‘का’ला जे उत्तर होतं, त्याच्या भोवतीनेच तर हे घर इतके दिवस अंग चोरून चालत होतं.

“छान! आता फक्त एक शिफारस हवी,” छानबाईने कळवलं. “तुमचं काम रोज पाहणारी, पण तुमच्या नात्यात नसलेली व्यक्ती.”

धाकटीने दुकानात नजर फिरवली. काउंटरवर सासरे. कोपऱ्यात जाऊ. दारात खिळे दातांत धरून उभा असलेला नवरा. मग कॉम्प्युटरच्या वरून तिला ती वर चढलेली भुवई दिसली.

“नात्यात नसलेलं इथे एकच जण आहे,” तिने लिहिलं. तिचं आपलं गमतीत चाललं होतं. “साहेब.”

“छान! तुमचं काम ते स्वतः पाहतात?”

“दिवसभर. डोळ्याचं पातं लवत नाही.”

“छान! कधी टोकतात का?”

“अवाक्षर नाही.”

“छान! असे वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं.”

आता खरं काय ते सांगावं म्हणून धाकटीने बोटं उचलली, तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक उभं राहिलं. गिऱ्हाईक! सासरे उठले, थोरली उठली, नवऱ्याने खिळे थुंकले, धाकटीही धावली. त्या गृहस्थाला शेजारचं औषधांचं दुकान हवं होतं. चौघांनी मिळून त्याला इतक्या आपुलकीने वाट दाखवली की तो बिचारा भिडेखातर एक आरसा बघून गेला. धाकटी परत आली तेव्हा पडद्यावर उत्तर तयार होतं: “छान! साहेबांचं नाव आणि तुम्ही दिलेला दुकानाचा नंबर पाठवला. मी जेवायला जातेय. तुम्हीच म्हणता ना!”

दोनच दिवसांत मुलाखत झाली, तीही कॉम्प्युटरवर. बाकीचे वर जेवत होते आणि धाकटी खाली पट्ट्या रचलेल्या लाकडी घोडीसमोर ताठ बसली होती. पलीकडे चष्मा गळ्यात अडकवलेली एक बाई होती. तिने विचारलं, “कागद आधीच फाटलेला असेल तर तुम्ही काय करता?”

“आधी त्याला कळू देत नाही,” धाकटी म्हणाली.

“कुणाला?”

“कागदाला. घाबरून उचललं की तो आणखी फाटतो.”

चष्म्याची बाई मोकळेपणी हसली. धाकटीचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच ती म्हणाली, “आता तुमच्या साहेबांशी एकदा बोलून घेते.”

भांड्यात पडलेला जीव लगेच बाहेर आला.

त्या दिवसापासून दुकानातला फोन वाजला की धाकटी हातातलं टाकून धावू लागली. तिने ठरवून ठेवलं होतं, फोन आला की सरळ सांगायचं, चूक झाली, साहेब म्हणजे आमची एक गंमत आहे. पण फोन यायचे ते चुकीच्या नंबरचे, नाहीतर थोरल्या दिरांचे, ‘उशीर होईल’ असं सांगणारे.

“साहेब,” थोरली काच पुसता पुसता म्हणाली, “आपल्याकडे कुणाला तरी फोनची फारच ओढ लागलीय. या वयात!”

“साहेब,” धाकटी म्हणाली, “आपल्याकडे कुणाला तरी दुसऱ्याच्या ओढीची फारच काळजी.”

“साहेब,” सासरे म्हणाले, “मला जरा डुलकी लागत होती.”

आणि मग तो फोन आला तो नेमका काचेच्या वेळी. कितीतरी दिवसांनी मोठं काम मिळालं होतं. एका नाचाच्या वर्गाचा भलाथोरला सामूहिक फोटो होता. त्याला बसवायची काच धाकटी आणि तिचा नवरा दोन बाजूंनी धरून टेबलाकडे आणत होते. अर्ध्या वाटेत कळलं की टेबलावर थोरलीने नुकताच गोंद लावलेला पुठ्ठा पसरलाय आणि तो ओला आहे. मागे फिरायला जागा नाही, खाली ठेवायला जमीन नाही, कारण जमिनीवर पट्ट्या.

“हलू नका कुणी,” थोरली ओरडली. “उचलते, उचलते.”

फोन वाजला.

धाकटीने फोनकडे पाहिलं. मग काचेकडे. सासऱ्यांनी हात पुढे केला आणि बटण दाबलं. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा स्पीकर कायम चालू असे.

“नमस्कार, नकाशा संग्रहातून बोलतेय. साहेब आहेत का?”

“कोण साहेब?”

“आमच्या कागदावर एवढंच आहे. साहेब.”

सासऱ्यांनी चष्म्यावरून भिंतीकडे पाहिलं. “आहेत की. समोरच आहेत.”

“त्यांच्याशी बोलता येईल?”

“बोलता येईल. आम्ही रोज बोलतो. उत्तराची हमी नाही.”

“कोण साहेब?” धाकटीच्या नवऱ्याने काचेपलीकडून ओठांनीच विचारलं.

“आपले,” धाकटी पुटपुटली. “भिंतीवरचे. हसू नका, काच हलतेय.”

“कामात आहेत का ते?” फोन म्हणाला. “तसं असेल तर तुम्हीच त्यांना विचारून सांगा. त्यांच्या हाताखालच्या एका बाईंनी आमच्याकडे नोकरीसाठी अर्ज केलाय. पुठ्ठा आणि कागदाचं काम करतात त्या.”

थोरली पुठ्ठा उचलायला वाकली होती ती वाकलेलीच राहिली. नवऱ्याचं हसू पुसलं गेलं. सासऱ्यांनी सावकाश मान वळवून सुनेकडे पाहिलं. ती काचेमागे उभी होती, हलता न येणारी, बोलता न येणारी. फक्त चारी बाजूंनी पट्टी लावायची राहिली होती.

फोन ठेवता आला असता. धाकटीला वाटलं, ठेवतील. पण सासरे खुर्ची जवळ ओढून म्हणाले, “विचारा.”

“काम कसं आहे त्यांचं?”

सासऱ्यांनी साहेबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “साहेब म्हणतात, हात हलका आहे. तिने उचललेलं कागदाला कळत नाही.”

इतक्या वर्षांत हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. या घरात फक्त बोचणारंच साहेबांना सांगायचं असं ठरलं होतं. कौतुक कुणाला सांगायचं, ते ठरायचंच राहून गेलं होतं. धाकटीच्या डोळ्यांपुढे काच धूसर झाली. पुसायला हात रिकामा नव्हता.

“वेळेवर येतात?”

“साहेब, खरं ते सांगा,” थोरली वाकल्या वाकल्या म्हणाली.

“साहेब म्हणतात, घर वरच्या मजल्यावर आहे, तरी उशीर होतो.”

“आणि चुका?”

“एकदा एक चित्र उलटं बसवलं होतं. गिऱ्हाइकाला अजून पत्ता नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतो म्हणे.”

पलीकडून खळखळून हसू आलं. “बरं, स्वभाव?”

सासऱ्यांनी उत्तरासाठी साहेबांकडे पाहिलं, पण त्याआधी थोरली ताठ झाली आणि फोनजवळ आली. “साहेब म्हणतात,” ती म्हणाली, “गोंदाचं झाकण लावत नाही. उलट उत्तर देते. चहात आलं जास्त घालते.” ती थांबली. “बाकी तिच्यासारखी शोधून सापडायची नाही.” आणि मागे वळून तिने आपल्याच हाताने गोंदाचं झाकण लावलं, गरजेपेक्षा जास्त जोराने.

“मला तर त्या पसंतच आहेत,” फोनमधला आवाज म्हणाला. “आता एकच रकाना उरला. तिथलं काम त्या का सोडताहेत? हे मला स्पष्ट लिहावं लागतं. भांडण वगैरे काही असेल, तर मात्र पुढे जाता येणार नाही.”

मग सवयीने सगळे साहेबांकडे वळले.

“साहेब, सध्या लोकांनी घरं रंगवायला...” थोरलीने सुरुवात केली, आणि ते वाक्य तिथेच सोडून दिलं.

“साहेब, माझं जरा बाहेरचं काम...” धाकटीचा नवरा म्हणाला. त्याचंही तेवढंच.

साहेबांची भुवई जिथे होती तिथेच होती. त्यांना सगळं आधीपासून कळलेलं होतं.

“ऐकताय ना?” फोन म्हणाला. “काय म्हणतात साहेब?”

तेव्हा सासऱ्यांनी जे केलं, ते त्या दुकानात कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची उचलली आणि साहेबांकडे पाठ करून ठेवली.

“बाई, हे साहेबांना विचारू नका. साहेब फोटो आहेत.”

“अं?”

“फोटो. भिंतीवरचा. माणूस कोण, ते आम्हालाही ठाऊक नाही. मी तिचा सासरा बोलतोय. आतापर्यंत बोललो तोही मीच.”

फोनमधून तोंडावर हात धरून हसू दाबल्यासारखा एक आवाज, आणि पाठोपाठ गंभीर व्हायची धडपड. “पण नात्यातल्या माणसांचं मत आम्हाला...”

“चालत नाही. समजलं. पण हे नात्यातल्यांनाच माहीत आहे, त्याला मी काय करू?”

“सांगा,” ती बाई म्हणाली. आवाज आता मऊ होता.

धाकटीच्या हातांना रग लागली होती. समोर नवऱ्याचे हातही भरून आले होते, पण दोघांनी काच सोडली नाही. “बाबा,” ती म्हणाली. साहेबांना नाही, त्यांनाच. “बाबा, राहू द्या.”

“भांडण नाही, बाई,” सासरे फोनला म्हणाले; बघत मात्र होते काचेतून सुनेकडे. “आणि ती दुकान सोडून जात नाहीये. दुकान कधीच बंद पडलंय. आम्ही फक्त ते रोज उघडतो.”